फुप्फुसातली गुठळी वेळीच कशी ओळखायची

कालपर्यंत जिना सहज चढणाऱ्या माणसाला आज चार पायऱ्यांत धाप लागते आणि तिचं कारण सापडत नाही, तेव्हा फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकल्याची शंका घ्यायलाच हवी. बहुतेकांना ही धाप अचानक लागते, काहींना दोन-चार दिवसांत वाढत जाते. सोबत छातीत एका बाजूला कळ येऊ शकते, खोल श्वास घेतला की ती वाढते. थुंकीतून रक्त पडणं, धडधड, भोवळ हेही दिसतं. सगळी लक्षणं एकदम मात्र क्वचितच.

बसवून पूर्ण एक मिनिट नाडी मोजा. 100 च्या वर असेल तर शंका वाढते.

मग पाय पाहा. गुठळी बहुधा पायाच्या खोल शिरेत धरते आणि सुटली की हृदयातून फुप्फुसाच्या धमनीत जाऊन अडकते. गुडघ्याच्या वाटीखाली नडगीवर उंचवटा लागतो. त्याच्या 10 सेंमी खाली दोन्ही पोटऱ्यांचा घेर मोजा. टेप आवळू नका. 3 सेंमीहून जास्त फरक असेल तर तो साधा नव्हे. सुजलेला पाय चोळायचा नाही. पाय सारखे दिसले म्हणून निर्धास्तही होऊ नका.

गेल्या चार आठवड्यांत ऑपरेशन, पायाला प्लास्टर, तीन दिवसांहून जास्त अंथरूण, कॅन्सर, गरोदरपण, बाळंतपणानंतरचे सहा आठवडे, इस्ट्रोजेन या संप्रेरकाच्या गोळ्या (काही गर्भनिरोधक गोळ्यांत ते असतं), पूर्वी झालेली गुठळी: यातलं काही असेल तर डॉक्टरांनी विचारलं नाही तरी त्यांना सांगा. निदान बरेचदा इथेच हुकतं, कारण ऑक्सिमीटर 97 दाखवतो, एक्स-रे स्वच्छ येतो, ईसीजीही ठीक असतो. यातल्या कशानेही गुठळी नाही असं ठरत नाही.

डी-डायमर (गुठळी विरघळताना रक्तात येणारा घटक) मोजणारी रक्ततपासणी निगेटिव्ह आली तर दिलासा मिळतो, पण डॉक्टरांची शंका मुळात कमी असेल तरच. पॉझिटिव्हवरून काहीच सिद्ध होत नाही. संसर्गात, गरोदरपणात, ऑपरेशननंतरही डी-डायमर वाढतं. शंका दाट असेल तर थेट सीटी अँजिओग्राफी, म्हणजे शिरेत औषध सोडून फुप्फुसाच्या धमन्यांचा सीटी स्कॅन, करतात. गरोदर बाईला, किडनीचा त्रास असलेल्याला वेगळी तपासणी लागू शकते.

शुद्ध हरपली, ओठ निळसर पडले किंवा वरचा रक्तदाब 90 च्या खाली गेला, तर लगेच रुग्णवाहिका बोलवा. नुसती अचानक धाप असली तरी त्याच दिवशी, त्याच तासात मोठं रुग्णालय गाठा. रुग्णाने स्वतः गाडी चालवायची नाही. घरात उरलेल्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या मनाने देऊ नका, पण आधीपासून चालू असलेल्या औषधांची पाकिटं सोबत घ्या.