रोज रोज पेनड्राईव्ह लावून बॅकअप? चार ओळींची बॅट फाईल लिहा की

आमच्या चुलत्यांचं सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचं छोटं युनिट आहे, ऑफिसात एकच कॉम्प्युटर आणि त्यातच बिलं, ऑर्डरी, डिझाईनच्या फाईली सगळं. रोज संध्याकाळी कुणीतरी डिस्क लावून ते कॉपी-पेस्ट मारायचं, आणि कुणीतरी म्हणजे शेवटी मीच. आता ते काम एक बॅट फाईल करते, म्हणजे कमांडी लिहून ठेवलेली साधी फाईल, डबल क्लिक केलं की त्या ओळीनं चालतात. प्रोग्रामिंग येत नसलं तरी जमतं, कारण रोबोकॉपी ही फाईली कॉपी करायची कमांड विंडोज व्हिस्टापासून आयतीच आत बसलेली आहे, डाऊनलोड बिऊनलोड काही नाही.

नोटपॅड उघडा. आधी रोबोकॉपी लिहायचं, मग स्पेस, कुठून, परत स्पेस, कुठं. फोल्डरच्या नावात स्पेस असेल तर पूर्ण पत्ता डबल कोटमध्ये, आणि कोट बंद व्हायच्या अगदी आधी उलटा स्लॅश ठेवू नका, तो कोटालाच गिळतो मग कमांड भलतंच काहीतरी समजून घेते. पुढं स्लॅश ई टाका म्हणजे आतले फोल्डरपण येतात. सेव्ह करताना ऑल फाईल्स निवडून नावाच्या शेवटी डॉट बॅट द्या, नाहीतर मागं टीएक्सटी चिकटतं आणि डबल क्लिक केलं की नुसतं नोटपॅडच उघडतं.

मी पहिल्याच रात्री फसलो. चुलत्यांनी बिलिंगचं सॉफ्टवेअर तसंच चालू ठेवून शटर ओढलं, त्याची डेटा फाईल लॉक, आणि सकाळी बघतो तर काळी खिडकी अजून तिथंच अडकलेली! फाईल लॉक असून कॉपी करता आली नाही की रोबोकॉपी ३० सेकंद थांबून परत बघतं, आणि आपण काही सांगितलं नसेल तर असं १० लाख वेळा. हिशोब करा, ३ कोटी सेकंद म्हणजे जवळपास ३४७ दिवस, गड्ड्यात, म्हणजे सोलापूरच्या जत्रेत सुरू केलं तर पुढच्या गड्ड्याचे पाळणे उभे राहायच्या वेळेला संपणार. म्हणून स्लॅश आर कोलन २ आणि स्लॅश डब्ल्यू कोलन ५ लिहायचंच: दोनदा बघ, मधे पाच सेकंद थांब, नाही जमलं तर पुढं चल बाबा.

बरेच जण स्लॅश एमआयआर टाका म्हणून सांगतात. मी तरी सुरुवातीला टाकू नका म्हणेन. ते मिरर आहे, इकडं कुणी चुकून ऑर्डरीचा फोल्डर उडवला तर रात्री तिकडचापण उडणार, मग बॅकअप कसला बे तो? आणि काहीही नवीन लिहिलं की पहिल्यांदा शेवटी स्लॅश एल लावून चालवा, ते काय काय करणार ते फक्त दाखवतं, हात कशाला लावत नाही.

डिस्कचं एक झेंगट आहे, मधे दुसरा पेनड्राईव्ह लावलेला असला की तिचं ड्राईव्हचं अक्षर (ई, एफ वगैरे) बदलतं आणि फाईलीतला पत्ता चुकतो. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन तिला शेवटचं कुठलंतरी अक्षर कायमचं देऊन टाका, आमच्याकडं एक्स आहे.

मग ही फाईल रोज आपोआप चालावी म्हणून विंडोजचंच टास्क शेड्युलर, क्रिएट बेसिक टास्क, डेली, वेळ, फाईल, झालं. पण तिथंच थांबू नका. लॅपटॉप असेल तर कंडिशन्समध्ये एसी पॉवरवाली टिक आधीपासून असते, म्हणजे लाईट गेलेली असली तर टास्क सुरूच होत नाही, ती काढा. आणि सेटिंग्जमध्ये हुकलेली वेळ नंतर भरून काढायची टिक असते ती मारा, उन्हाळ्यात नेमकी सहालाच लाईट जाते राव.

राहिला लॉग, म्हणजे काय कॉपी झालं, काय नाही त्याची नोंद. स्लॅश लॉग प्लस कोलन आणि फाईलचा पत्ता दिला की रोजचा हिशोब खाली खाली जोडला जातो. चुलत्यांना इंग्लिश वाचायचा कंटाळा, त्यांना मी फक्त फेल्डचा कॉलम, म्हणजे कॉपी न झालेल्यांचा आकडा दाखवून ठेवलाय. सकाळी चहा येईपर्यंत ते लॉग उघडतात, तिथं शून्य दिसलं की गप्प, दुसरं काही दिसलं की मला फोन.