पीच-आलुबुखारचा कॉब्लर, वर बदामाचं खुसखुशीत आवरण

जूनमध्ये आंबा ओसरायला लागला की हातगाड्यांवर हिमाचलचे पीच आणि आलुबुखार दिसू लागतात. दिसायला झकास, पण घरी आणून चावा घेतला की निम्मे आंबट निघतात आणि उरलेले फ्रीजमध्ये सुरकुतत पडतात. ही आंबटगोड, जराशी कडक फळं कॉब्लरसाठी मात्र अगदी योग्य.

कॉब्लर हा अस्सल अमेरिकन पदार्थ. खाली रसात शिजलेली फळं आणि वर बिस्किटाच्या पिठाचे ओबडधोबड गोळे. हे बिस्किट चहात बुडवायचं नाही. तिकडचं बिस्किट म्हणजे भरपूर लोणी घातलेला, बाहेरून खरपूस आणि आतून मऊ असा छोटा पावच. एकोणिसाव्या शतकात पश्चिमेकडे निघालेल्या वसाहतकऱ्यांजवळ ओव्हन नसायचा. ते बिडाच्या जाड भांड्यात फळं आणि पीठ घालून खाली निखारे ठेवत, झाकणावरही निखारे रचत. कोकणात धोंडस भाजायची जुनी रीत हीच, वर-खाली विस्तव. पुढे दक्षिणेकडच्या राज्यांत, विशेषतः तिथल्या कृष्णवर्णीय घरांत, पीच कॉब्लर हा सणासुदीचा आणि रविवारच्या जेवणाचा गोड पदार्थ होऊन बसला.

पीचशी आपला धागाही थेट आहे. सॅम्युअल रम्फ या जॉर्जियातल्या बागायतदाराने 1870 च्या दशकात एक पीच तयार केला आणि त्याला बायकोचं नाव दिलं, एल्बर्टा. हिमाचलात सिरमौर जिल्ह्यातलं राजगड (आपला किल्ला नव्हे!) पीचसाठी ओळखलं जातं, आणि हिमाचलच्या बागांमधल्या एका लोकप्रिय जातीचं नाव आहे ‘जुलै एल्बर्टा’.

आता कामाचं. कॉब्लर बिघडतो तो जवळजवळ नेहमी रसामुळे. फळांना ओव्हनमध्ये इतकं पाणी सुटतं की वरचं पीठ भाजण्याऐवजी वाफेवर शिजतं. वर सोनेरी दिसतं आणि खाली चिकट लगदा. म्हणून पुढच्या कृतीत अर्धी मेहनत रस आवरण्यातच आहे.

साहित्य (सहा जणांसाठी, साधारण दोन लिटरचं काचेचं किंवा चिनी मातीचं ओव्हनचं भांडं)

फळांसाठी: पीच 900 ग्रॅम, आलुबुखार 250 ग्रॅम, साखर 70 ग्रॅम, कॉर्नफ्लोअर 1 मोठा चमचा, लिंबाचा रस 1 मोठा चमचा, चिमूटभर मीठ, थोडं किसलेलं जायफळ.

आवरणासाठी: मैदा 150 ग्रॅम, बदाम 60 ग्रॅम, साखर 40 ग्रॅम, बेकिंग पावडर दीड छोटा चमचा, खायचा सोडा पाव छोटा चमचा, मीठ पाव छोटा चमचा, बिनमिठाचं बटर 75 ग्रॅम, दही 90 ग्रॅम, दूध 2 मोठे चमचे, वरून भुरभुरवायला चमचाभर साखर.

कॉर्नफ्लोअर म्हणजे पांढरीशुभ्र, बोटांत चुरचुरणारी पावडर. मक्याचं पिवळं पीठ इथे चालणार नाही. बटर मिठाचंच असेल तर पिठातलं मीठ वगळा. आणि साजूक तूप नको. बटरमध्ये जे थोडं पाणी असतं त्याचीच ओव्हनमध्ये वाफ होऊन पीठ हलकं होतं. तुपात पाणी नसतं, त्यामुळे आवरण नानकटाईकडे झुकतं. चवीला वाईट नाही, पण तो कॉब्लर नव्हे.

फळं आणि रस

पीच निवडताना देठाजवळची जागा बघा. तिथला हिरवा रंग जाऊन पिवळा आला असेल आणि अंगठ्याने हलकं दाबल्यावर किंचित दबत असेल, तर फळ तयार आहे. लाल गालांवर भुलू नका. ती लाली उन्हाची आणि जातीची, पिकलेपणाची नव्हे. काही पीचची बी फळ अर्धं केलं की सहज सुटते, काहींचा गर बीला घट्ट धरून राहतो. दुसऱ्या प्रकारचे मिळाले तर मधोमध कापायच्या भानगडीत न पडता बीच्या चारी बाजूंनी फोडी कापून घ्या.

साल काढायची की नाही? मी आलुबुखारची काढत नाही, तिच्यामुळे रसाला सुरेख माणकासारखा रंग येतो. पीचची साल जाड आणि लवदार असेल तर मात्र काढलेली बरी. फळाच्या बुडाला सुरीने फुलीसारखी चीर द्या, उकळत्या पाण्यात अर्धा ते एक मिनिट सोडा आणि लगेच गार पाण्यात टाका. पिकलेल्या फळाची साल बोटांनी निघते. कच्च्याची निघत नाही, तिथे सालकाढणं वापरा.

बोटभर जाडीच्या फोडी करून साखर आणि मीठ लावा व अर्धा-पाऊण तास तशाच ठेवा. तळाशी चांगला वाटीभर रस जमा होईल. फळं चाळणीत निथळत ठेवा. खाली आलेला रस छोट्या पातेल्यात घेऊन निम्मा होईपर्यंत उकळा. सुरुवातीला फेसाळ, पातळ बुडबुडे येतील, मग ते मोठे आणि संथ होतील. चव तीच राहते, फक्त पाणी जातं. निथळलेल्या फोडींना लिंबाच्या रसात कालवलेलं कॉर्नफ्लोअर आणि जायफळ लावा, त्यावर आटवलेला कोमट रस ओता आणि सगळं भांड्यात पसरा. ॲल्युमिनियमचं भांडं टाळा, आंबट फळांचा रस त्याला धरतो.

ओव्हन आधीच 200 अंश सेल्सिअसला तापलेला हवा. फळांचं भांडं नुसतंच, आवरण न घालता, 15 मिनिटं आत ठेवा. ही पायरी बऱ्याच पाककृती गाळतात. फळं गरम झालेली असली की त्यांवर टाकलेलं पीठ खालूनही लगेच शिजायला लागतं. गार फळांवर टाकलेल्या पिठाची खालची बाजू बराच वेळ रसात भिजत राहते.

बदामाचं आवरण

बदाम का? पीच, आलुबुखार, जर्दाळू, चेरी आणि बदाम ही सगळी प्रुनस या एकाच प्रजातीतली. चवींचं नातं लगेच जाणवतं. अमेरिकेच्या दक्षिणेत हमखास पिकान घालतात, ते तिथलंच झाड. काश्मिरी अक्रोड घातले तर पिकानच्या जवळ जाणारी चव येते, फक्त अक्रोडाची साल किंचित कडवट असते, तेव्हा साखर चमचाभर वाढवा. पीचच्या बीतला गर मात्र बदामासारखा दिसला तरी घालू नका, त्यातून विषारी सायनाइड तयार होतं.

बदाम तव्यावर मंद आचेवर खमंग वास येईपर्यंत भाजा आणि पूर्ण गार करा. अर्धे मिक्सरमध्ये थांबत थांबत फिरवून जाडसर भरड करा (सलग फिरवलं तर तेल सुटतं), अर्धे सुरीने चिरून ठेवा. मैदा, बदामाची भरड, साखर, बेकिंग पावडर, सोडा आणि मीठ एकत्र करून हे मिश्रण फ्रीजमध्ये ठेवा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ओट्यावरचा मैदासुद्धा कोमट असतो.

बटर तासभर फ्रीजरमध्ये कडक करून जाड किसणीवर थेट पिठात किसा. बोटांच्या टोकांनी, तळव्याने नव्हे, भराभर चोळा. वाटाण्याएवढे काही कण दिसायला हवेत. फळं ओव्हनमध्ये गेली की दही-दूध फेटून त्यात घाला आणि काट्याने जेमतेम एकत्र करा. दही लागताच सोडा फसफसायला लागतो, म्हणून हे आधी करून ठेवायचं नाही. पीठ थालीपिठाच्या पिठापेक्षा सैल आणि चिकट हवं, कुठे कोरडा मैदा दिसला तरी हरकत नाही. कणकेसारखं मळलंत तर मैद्याला चिवटपणा येईल आणि बिस्किटाऐवजी जाड पोळी मिळेल. शेवटी चिरलेले बदाम घाला.

फळांचं भांडं बाहेर काढा. कडेने बुडबुडे येत असायला हवेत. दोन चमचे वापरून पिठाचे लिंबाएवढे गोळे वर सोडा. सगळा पृष्ठभाग झाकायचा नाही. मधल्या फटींतून वाफ बाहेर जाते, आणि त्यातूनच तो लालभडक रस वर उसळून गोळ्यांच्या कडांवर चिकटतो, जो भाग खाण्यासाठी घरात भांडणं होतात. वर साखर भुरभुरवा.

आच 190 अंशांवर आणून 25 ते 30 मिनिटं भाजा. ओटीजीत जाळी मधल्या किंवा खालच्या खाचेत ठेवा, वरचा रॉड जवळ आला तर बदाम जळतात. पंख्याच्या कन्व्हेक्शन मायक्रोवेव्हमध्ये 15 अंश कमी ठेवा. वरचा रंग लवकर गडद झाला तर फॉइलचा तुकडा अलगद टाका. भांड्याखाली एक ट्रे ठेवाच, रस उतू जाऊन ओव्हनच्या तळाला जळला तर खरवडताना जीव जातो.

झालंय कसं ओळखायचं? वरच्या रंगावर विश्वास ठेवू नका. भांड्याच्या मध्यभागी रस संथ, जाडसर बुडबुड्यांनी रटरटत असला पाहिजे. फक्त कडेने उकळत असेल तर मधलं कॉर्नफ्लोअर अजून कच्चं आहे. मग मधलाच एक गोळा चमच्याने थोडा उचलून खालून बघा. पावासारखी जाळी दिसली तर बाहेर काढा, ओलसर पीठ दिसलं तर आणखी पाच मिनिटं.

बाहेर आल्यावर निदान 20 मिनिटं हात लावू नका. रस गार होता होता आळतो. लगेच वाढला तर ताटलीभर सूप मिळेल. सोबत व्हॅनिला आइस्क्रीम किंवा घरची घट्ट साय, बिनसाखरेची.

फळं बदलायची तर: महाबळेश्वरची तुती उत्तम, साखर थोडी कमी. स्ट्रॉबेरी फार पाणी सोडते, कॉर्नफ्लोअर दीड चमचा घ्या आणि निम्मे तरी सफरचंद मिसळा. हापूस मात्र ओव्हनमध्ये घालू नका, त्याचा सुगंध उष्णतेत उडतो आणि उरतो नुसता गोड गर. आंब्याचाच हट्ट असेल तर अर्धवट पिकलेला तोतापुरी घ्या.

उरलेला कॉब्लर फ्रीजमध्ये दोन दिवस टिकतो. गरम करायचा तर ओव्हनमध्येच, 160 अंशांवर, 12 ते 15 मिनिटं. मायक्रोवेव्हमध्ये आवरण लिबलिबीत होतं.