समुद्राच्या पाण्यातलं लोह: या चुका टाळा

दर डिसेंबरात कुणीतरी चोर्ला घाट उतरून गोव्याला जातं, कॅनभर समुद्राचं पाणी बेळगावला आणतं आणि लोहाचा प्रोजेक्ट सुरू करतं. चुका त्याच.

पहिली म्हणजे हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट. खानापूरच्या एका पोरानं वनस्पतिप्लवक (पाण्यात तरंगणारी सूक्ष्म शेवाळं) वाढवायला वीस लिटर पाण्यात अर्धा चमचा हिराकस टाकला आणि पाणी हिरवं होईल म्हणून मोबाइल रोखून बसला. तासाभरात पाणी गढूळ पिवळट, दुसऱ्या दिवशी तळाला तांबडा थर. "सर, लोह घातलंय की वो!" घातलंस रे, पण राहिलं कुठे? या पाण्याचा सामू ८ च्या आसपास. त्यात फेरस लोह ऑक्सिजननं काही मिनिटांतच फेरिक व्हायला लागतं, आणि फेरिक तिथे जवळजवळ विरघळतच नाही. खऱ्या समुद्रात विरघळलेलं म्हणून जे टिकतं, त्यातलं ९९ टक्क्यांहून अधिक सेंद्रिय रेणूंनी धरून ठेवलेलं असतं. लॅबमध्ये ते धरून ठेवायचं काम ईडीटीए या रसायनाचं. मी आधी ईडीटीए पूर्ण विरघळवतो, मग तेवढ्याच मोलचं फेरिक क्लोराइड. घाई असलेल्यांना हा क्रम उगाच वाटतो. वाटू दे.

दुसरी, लोह ओळखायला फिनॅन्थ्रोलिन (फेरस लोहाशी नारिंगी रंग देणारं रसायन) घालून तो रंग शोधणं. किनाऱ्यापासून दूर, खुल्या समुद्राच्या पृष्ठभागावर लोह बऱ्याचदा लिटरला अर्ध्या नॅनोमोलहूनही कमी, म्हणजे जेमतेम २८ नॅनोग्रॅम. कॉलेजच्या कलरीमीटरला, म्हणजे रंग मोजायच्या यंत्राला, ते दिसणार नाही. रंग आलाच, तर तो बहुधा तुमच्या कॅनचा, नाहीतर चपलेच्या तांबड्या धुळीचा. मी प्लॅस्टिकच्या बाटल्या आठवडाभर हायड्रोक्लोरिक आम्लात भिजवतो. स्टीलची कळशी आणणाऱ्याशी बोलत नाही.

विरघळलेलं लोह मोजायचं तर नमुना गाळण्याआधी त्यात आम्ल घालू नका; कणांतलं लोहही पाण्यात उतरतं.

एफ/२ माध्यमात (लॅबमध्ये प्लवक वाढवायच्या पोषक द्रावणात) प्लवक फोफावलं, म्हणून समुद्रात लोह कमी होतं असं लिहू नका. त्या माध्यमात लोह लिटरला सुमारे १२ मायक्रोमोल असतं, खुल्या समुद्राच्या हजारो पट!

आणि लोह घातलं की प्लवक वाढतंच, हेही सोडा. २००९ साली भारत-जर्मनीच्या लोहाफेक्स प्रयोगात दक्षिण महासागरात लोह टाकलं. तिथे सिलिकाच तुटपुंजी, त्यामुळे डायटम, म्हणजे सिलिकाचं कवच असलेलं प्लवक, वाढले नाहीत. जे दुसरं प्लवक वाढलं, ते बारीक जलचरांनी चरून टाकलं. गोव्याच्या किनाऱ्याला तर लोहाची वाणच नाही. घाटातली तांबडी माती नद्या तिथेच नेऊन ओततात, आणि त्यातली म्हादई निघते त्या पोराच्याच खानापूर तालुक्यातून.