शेतीतल्या नोंदींनी पैसा वाचतो का, ते असं तपासा

शाश्वत शेतीवर लक्ष ठेवायचं म्हटलं की लोक लगेच सेन्सर, ड्रोन, अ‍ॅप शोधायला लागतात. थांबा जरा. काहीही मोजायच्या आधी स्वतःला विचारा, हा आकडा वेगळा आला तर मी काय वेगळं करणार? उत्तर 'काहीच नाही' असेल तर ते मोजूच नका, फुकटचा खर्च.

सुरुवात पाण्यापासून करा, ते जवळजवळ फुकटात होतं. 200 लिटरचा ड्रम घ्या, पाइप त्यात सोडा, मोबाइलवर वेळ लावा. 40 सेकंदात भरला तर सेकंदाला 5 लिटर, म्हणजे 3 तास मोटर चालली की 54,000 लिटर. एकरभर 1 मिमी पाणी म्हणजे साधारण 4,047 लिटर, त्या हिशोबाने एकराला 13 मिमी दिलं. आता हे पिकाची गरज आणि झालेला पाऊस याच्याशी ताडून बघा, मोटर जास्तीची किती तास चालते ते कळलं की त्याचं बिल काढता येतं.

मग खत, खरा पैसा इथेच जातो. युरियात 46 टक्के नत्र, म्हणजे 100 किलो टाकला की 46 किलो नत्र गेलं. गव्हाचं क्विंटलभर धान्य साधारण 2 किलो नत्र घेऊन शेताबाहेर पडतं, 15 क्विंटल निघाला तर 30 किलो. उरलेलं सगळं वाया गेलं असं नाही, थोडं काडात असतं थोडं मातीत, पण दरवर्षीच मोठी तफावत राहत असेल तर नत्र खाली झिरपतंय नाहीतर हवेत उडतंय आणि पैसे तुम्ही भरताय. लगेच सगळीकडे खत कमी करू नका हां! एक पट्टा आखा, तिथे नत्र 20 टक्के कमी द्या, बाकी सगळं सेम, आणि काढणीला त्याचं वजन वेगळं करा. उत्पादन घटलं तर तोटा पट्ट्यापुरताच. दोन-तीन हंगाम फरक नाही पडला तर वाचणाऱ्या खताच्या किमतीतून माती तपासणीची फी आणि तुमचा वेळ (हा लोक हमखास विसरतात) वजा करा, जे उरेल ती नोंदींची कमाई.

मातीतला सेंद्रिय कर्ब (कुजलेल्या काडीकचऱ्यातून मातीत राहिलेला कार्बन) फार हळू बदलतो, त्यामुळे 3 ते 5 वर्षांनी तपासला तरी चालतं, फक्त जागा, खोली, हंगाम आणि लॅब तीच ठेवा. त्याचा पैसा लगेच दिसत नाही. सर्टिफिकेटवाला माल घेणारा कोणी असेल तर त्याला कुठलं रेकॉर्ड लागतं, किती वर्षांचं, आणि भाव किती वाढवून देणार हे आधी विचारून घ्या, मग वही आखा.