गरोदरपणात टाचा फुटल्यात? या चुका टाळा

कोकणात टाचेच्या भेगांना कोणी आजार म्हणत नाही. लाल मातीत, जांभ्याच्या पाखाडीवर, मासळी वाळत घातलेल्या खळ्यात अनवाणी वावरायचं म्हटल्यावर टाचा फुटणारच, हे धरूनच चालतात. गरोदरपणात त्यात भर पडते. वजन वाढतं, सांधे सैलावतात, पाऊल थोडं पसरतं आणि टाचेच्या कडेवर ताण येतो. तिथली कातडी आधीच जाड आणि कोरडी, त्यामुळे ती उभी चिरते. यात बहुतेक वेळा घाबरण्यासारखं काही नसतं. खरा घोळ होतो तो उपायांनी.

बिब्बा आणि काजूच्या टरफलाचं तेल

बिब्ब्याला सुई टोचून दिव्यावर धरायचं आणि ठिबकणारं काळं तेल भेगेत सोडायचं, हा घरोघरी माहीत असलेला इलाज. काजूच्या बियांच्या टरफलातलं तेलही तसंच वापरतात. दोन्ही तेलं कातडी अक्षरशः जाळतात. फोड येतात, ते फुटून पाणी वाहतं, आणि तेलाचा हात चुकून पोटाला, मानेला लागला तर तिथेही तेच. बिब्बा, काजू आणि आंबा एकाच कुळातले, त्यामुळे आंब्याचा चीक ज्यांना बाधतो त्यांना हे जास्तच बाधू शकतं. शेजारच्या काकू म्हणतील, "अगो, काय्येक होवचा नाय!" त्यांना झालं नसेल, तुम्ही लावू नका. लावून झालं असेल तर साबण-पाण्याने भरपूर धुवा, फोड फोडू नका, वर चुना-हळद थापू नका आणि डॉक्टरांना दाखवा.

त्याऐवजी मुठेल वापरा. कोकमाच्या बियांतून काढलेलं हे तूप इथे अजूनही गोळ्याच्या रूपात मिळतं. पण त्यातही एक खोड आहे: गोळा दिव्यावर धरून कढत थेंब भेगेत सोडतात आणि चटका बसतो. मुठेल शरीराच्या उष्णतेपेक्षा जरा जास्त उबेला वितळतं, म्हणून तुकडा तळहातांत चोळला तरी चोळण्याइतका मऊ होतो. मुठेल नसेल तर साधी पेट्रोलियम जेली किंवा खोबरेल चालेल.

मेडिकलमधून विचारून आणलेलं मलम

"भेगांचं काहीतरी द्या" म्हटलं की काउंटरवर जे हाताला लागेल ते मिळतं. पाठीमागची बारीक अक्षरं वाचा. सॅलिसिलिक ॲसिड तीव्र प्रमाणात किंवा मोठ्या भागावर नको. कुरूपावर लावायच्या कॉर्न कॅपमध्ये हेच असतं, तेही बऱ्याचदा ४० टक्क्यांपर्यंत. पायमोज्यासारखे घालायचे नि मग सोलून निघणारे फूट मास्कही ॲसिडचेच. रेटिनॉइड (अ जीवनसत्त्वापासून बनलेली औषधं) असलेलं काही लावायचं नाही. स्टेरॉइड आणि सॅलिसिलिक एकत्र असलेली मलमं डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय नकोत. तीव्र स्टेरॉइड खूप दिवस, खूप प्रमाणात वापरल्यास बाळाचं वजन कमी राहू शकतं.

तळव्याच्या जुन्या जाडपणासाठी कधी ॲसिट्रेटिन नावाच्या गोळ्या घेतल्या असतील, तर ते पहिल्याच तपासणीला सांगा. ती थांबवल्यावरही ३ वर्षं गरोदर राहू नये असं औषध आहे.

चालतं ते १० टक्के युरिया असलेलं क्रीम. जाड कातडीवर ते तेलापेक्षा चांगलं काम करतं. उघड्या भेगेत मात्र झोंबतं, तिथे आधी जेलीच लावा.

ब्लेड, वस्तरा आणि कढत पाणी

वाढलेली कातडी कापून काढली की पाय चार दिवस गुळगुळीत दिसतो, मग ती पुन्हा येते, कधी कधी आणखी जाड. आणि आठव्या महिन्यात पोटापलीकडे वाकून टाचेवर ब्लेड चालवणं म्हणजे जखमेला आमंत्रण. गरोदरपणात साखर वाढलेली असेल तर ब्लेडचा विचारही नको.

पाणी कोमट घ्या, मीठ घालू नका (मिठाने कातडी आणखी कोरडी पडते), आणि १० मिनिटांपेक्षा जास्त वेळ पाय पाण्यात ठेवू नका. ओल्या टाचेवर वज्री हलक्या हाताने, रक्त किंवा आग होईल इतकी नाही. पाय टिपून घ्या आणि ओलसर असतानाच मलम चोळा.

मलम लावून लगेच उठणं

रात्री पायाला तेल लावून, तसंच अंधारात, पावसाने ओलसर झालेल्या मागीलदारी जायचं! घसरून पडणं हा या सगळ्या प्रकरणातला सर्वांत खरा धोका आहे. लघवीला जाऊन या, खाटेवर बसा, मग मलम लावा, वर सुती मोजे चढवा. पुन्हा उठायचं झालं तर मोजे काढून पाय पुसा आणि चप्पल घाला.

उघडी भेग घेऊन लावणीला उतरणं

सिंधुदुर्ग-रत्नागिरीत पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिसची भीती असते. उंदराच्या, गुरांच्या मुताने दूषित झालेल्या पाण्यातले जंतू फुटलेल्या कातडीतून आत शिरतात. शेतात उतरणाऱ्यांना प्रतिबंधासाठी डॉक्सीसायक्लिनच्या गोळ्या देतात, पण गरोदर बाईने त्या घ्यायच्या नसतात. म्हणून घरातल्या इतरांना दिलेली गोळी "तूही घे" म्हणून घेऊ नका, आणि भेगा भरेपर्यंत चिखलात पाय घालू नका. अगदीच जावं लागलं तर गमबूट. पाण्यात जाऊन आल्यावर ताप, अंगदुखी, डोळे लाल असं काही झालं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

भेग समजून दुसरंच काही अंगावर काढणं

एकाच पायाला कोंड्यासारखे पापुद्रे आणि बोटांच्या बेचक्यात चिखल्या असतील तर ती बहुधा बुरशी आहे, तिथे मुठेलाने भागत नाही. शेवटच्या तिमाहीत पुरळ नसताना तळहात-तळव्यांना, विशेषतः रात्री, जीव नकोसा करणारी खाज सुटली तर तो कोरडेपणा समजू नका; यकृतातून पित्त नीट न वाहण्याची ती खूण असू शकते, रक्त तपासावं लागतं आणि बाळावर लक्ष ठेवावं लागतं. सगळंच अंग कोरडं आणि थकवा फार असेल तर थायरॉइडचा त्रास असू शकतो. टाच लाल, गरम, ठणकणारी झाली, पू आला, एकच पाय सुजून पोटरी दुखू लागली, किंवा चेहरा-हात सुजून डोकं दुखतंय, अंधारी येतेय, तर तालुक्याची गाडी मिळेल तेव्हा नव्हे, लगेच निघा. १०८ ला फोन करा.

सातव्या महिन्यानंतर स्वतःची टाच स्वतःला दिसतही नाही. नवऱ्याला मोबाइलवर तळव्याचा फोटो काढायला सांगा, दर आठवड्याला एक. तपासणीला जाताना डॉक्टरांना तोच दाखवा.