आयसीयूतला पेशंट आणि डी जीवनसत्त्व: या चुका टाळा

"डॉक्टरसाहेब, रिपोर्टमध्ये डी फक्त ९ आलंय. मग इंजेक्शन का देत नाही?" नाशिकच्या आयसीयूबाहेर नातेवाईक मला हे नेहमी विचारतात. विचारणारे निफाडचे द्राक्षबागायतदार असोत की सिडकोतले कामगार, त्यांची काळजी खरी असते. पण या ९ च्या मागे लागून बऱ्याच चुका होतात.

पहिली चूक म्हणजे तो आकडा जसाच्या तसा खरा मानणं. डी जीवनसत्त्व रक्तात एका प्रथिनाला चिकटून फिरतं. गंभीर जंतुसंसर्गात किंवा मोठ्या ऑपरेशननंतर ते प्रथिन झपाट्याने कमी होतं. वर भरपूर सलाइन गेलं की रक्त पातळ होतं. त्यामुळे आकडा आणखी घसरतो. एक मिलिलीटर रक्तात २० नॅनोग्रॅमच्या खाली कमतरता आणि १२ च्या खाली तीव्र कमतरता मानतात, पण ऐन आजारपणातला आकडा घरी असतानाची पातळी सांगेलच असं नाही. तपासणी २५-हायड्रॉक्सी डी चीच, म्हणजे शरीरातला डी चा साठा दाखवणाऱ्या रूपाचीच, झाली आहे ना, तेही पाहा.

दुसरी चूक: मोठा डोस दिला की पेशंट सावरेल ही आशा. ऑस्ट्रियातल्या ग्राझच्या डॉक्टरांनी आयसीयूतल्या पेशंटना ५,४०,००० युनिट देऊन पाहिले, म्हणजे आपल्याकडच्या ६० हजारांच्या सॅशेची ९ पाकिटं एकदम. २०१४ मध्ये निकाल आला: हॉस्पिटलमधला मुक्काम काही कमी झाला नाही. फक्त १२ किंवा त्याखालच्या गटात हॉस्पिटलमधले मृत्यू कमी दिसले, म्हणून सगळ्यांची आशा वाढली. अमेरिकेतल्या व्हायलेट अभ्यासात एक हजाराहून जास्त पेशंट घेतले. २०१९ चा निकाल असा: ९० दिवसांत मृत्यू डी दिलेल्यांत २३.५ टक्के, न दिलेल्यांत २०.६ टक्के. फरक ठोस ठरला नाही, पण फायदाही दिसला नाही, अगदी तीव्र कमतरता असलेल्यांतही. म्हणून मी हट्टाने मोठा डोस देत नाही. कमतरता भरून काढायची असते, पण ती जीव वाचवण्याची घाई समजून नाही.

इंजेक्शनचाही आग्रह नको. ते स्नायूत देतात, आणि रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर तिथे रक्त साचू शकतं. बीपी कमी असेल तर औषध नीट शोषलं जात नाही. पोट आणि आतडी नीट काम करत असतील तर पोटात जाणाऱ्या नळीतून देणं बरं.

"नाशिकला ऊन काय कमी आहे? पलंग खिडकीपाशी घ्या," असंही सांगतात. पण डी तयार करणारे किरण काचेतून आत येतच नाहीत.

सर्वांत जास्त नुकसान मी पाहिलंय ते घरच्या सॅशेमुळे. पंचवटीकडच्या एक आजी गोंधळलेल्या अवस्थेत आल्या. उलट्या, बद्धकोष्ठता, सारखी तहान. घरच्यांना वाटलं पक्षाघात. रक्तात कॅल्शियम खूप वाढलेलं निघालं. आठवड्याला एक घ्यायचं सॅशे त्या दीड महिना रोज घेत होत्या. "ताकद येते म्हणून दिलं," सून रडत म्हणाली. तिच्यावर मी रागावू शकलो नाही, कारण आठवड्याला एकच घ्यायचं हे तिला कुणी समजावून सांगितलंच नव्हतं. म्हणून पेशंटला आणताना घरातल्या सगळ्या गोळ्या, पाकिटं पिशवीत घालून आणा, काहीही लपवू नका. किडनीचा आजार, टीबी, सारकॉइड (फुप्फुसं वगैरेंत सुजेच्या गाठी होणारा आजार), हृदयासाठीची डिगॉक्सिन गोळी, यातलं काही असेल तर ते आधी सांगा. अशा पेशंटना वाढलेलं कॅल्शियम लवकर भोवतं.

घरी सोडताना डिस्चार्जच्या कागदावर 'आठवड्यातून एकदा' हे शब्द अक्षरात लिहून घ्या, किती आठवडे तेही. एक वार ठरवून कॅलेंडरवर खूण करा. कॅल्शियम आणि डी पुन्हा कधी तपासायचं, ती तारीखही त्याच कागदावर मागून घ्या.