जाळीचा श्रग: एक लांब पट्टी, दोन शिवणी, बास

माझ्या भाचीकडे अर्ध्याच्या वर कपडे स्लीव्हलेस आहेत, आणि आमचं जळगाव म्हणजे मे महिन्यात पारा ४४-४५ ला टेकलेला, त्यामुळे तिचं काही चुकतंय असं मला वाटत नाही. पण रात्रीच्या एसी ट्रॅव्हल्सने पुण्याला जाताना तीच मुलगी कुडकुडते, आणि गावाकडच्या लग्नात गेली की दोन-चार म्हाताऱ्या तिच्या दंडाकडे बघत बसतात, मग ती दिवसभर ओढणी सावरत फिरते. म्हणून ती म्हणाली, मावशी, वरून पटकन चढवता येईल असं पूर्ण बाहीचं काहीतरी विणून दे ना.

पहिला श्रग, म्हणजे पुढून उघडं, वरून घालायचं बाहीचं जॅकेटसारखं, मी घरात उरलेल्या लोकरीचा केला, ॲक्रिलिकची होती, रंग सुंदर होता, आणि एप्रिलमध्ये शिरपूरच्या लग्नात तिने तो बरोबर दहा मिनिटं घातला. घामाने अंगाला चिकटला आणि टोचायला लागला. आपण कापसाच्या मुलखातले लोक आणि अंगावर प्लास्टिक घालून बसलो, माझं मलाच हसू आलं. तेव्हापासून श्रग करायचा तो कॉटनचाच. थंडीसाठी हवा असेल, म्हणजे डिसेंबरात शेतावरच्या भरीत पार्टीला वगैरे, तर लोकर चालेल, तिथे शेकोटीपासून जरा लांब बसा म्हणजे झालं.

एक आधीच सांगते, हा जाळीचा श्रग भर उन्हात स्कूटीवर घालायचा नाही. जाळीतून ऊन येतं आणि हातावर ठिपक्याठिपक्याचं डिझाईन उमटतं. त्याला आपला सनकोटच बरा.

आता सामान. ४ प्लायचा कॉटनचा दोरा, ३.५ एमएमची क्रोशाची सुई, एक ४ एमएमची सुई (ती कशाला ते पुढे येईल), मोठ्या नेढ्याची बोथट सुई, टेप आणि पाच-सहा सेफ्टी पिना. दोरा साधारण ३५० ते ४०० ग्रॅम धरा, पण माझ्या आकड्यावर जाऊ नका, सगळ्यांचा हात वेगळा असतो, कोणी घट्ट विणतं कोणी सैल. किती लागेल ते काढायची पद्धत खाली दिलीये. फक्त सगळा दोरा एकदम घ्या आणि प्रत्येक लडीवरचा लॉट नंबर एकच आहे ना ते दुकानातच बघा. मी एकदा फुले मार्केटच्या गर्दीत घाईघाईत वेगळ्या लॉटच्या दोन लड्या आणल्या, ट्यूबलाईटखाली एकसारख्या दिसत होत्या, घरी अंगणात नेल्यावर कळलं की एक मोरपिशी आणि दुसरी जरा हिरवटच. तो श्रग अजून अर्धाच पडलाय.

टाके फक्त तीन यायला हवेत असं कोणी म्हणेल, खरं तर अडीचच आहेत. साखळी तर सगळ्यांना येते. मुका खांब म्हणजे टाक्यात सुई घालून दोरा ओढून आणायचा आणि सुईवरच्या दोन्ही लूपमधून एकदम काढायचा. खांब म्हणजे आधी सुईवर दोऱ्याचा एक वेढा घ्यायचा, मग टाक्यात सुई घालून दोरा आणायचा, सुईवर तीन लूप होतात, त्यातल्या दोनातून एकदा आणि उरलेल्या दोनातून परत एकदा दोरा काढायचा. व्हिडिओ बघून शिकत असाल तर इथे एक घोळ आहे, अमेरिकन बाई ज्याला डबल क्रोशे म्हणते त्याला ब्रिटिश बाई ट्रेबल म्हणते, आणि ब्रिटिश डबल म्हणजे आपला मुका खांब. त्यामुळे नावाकडे बघू नका, हाताकडे बघा. आपल्या आज्यांचं बरं होतं, खांब म्हणजे खांब.

मापाकडे येऊ. श्रगचं सगळं गणित मापातच आहे, विणकाम तर टीव्ही बघत होतं. दोन्ही हात आडवे पसरून उभं राहा आणि कोणाला तरी एका मनगटापासून पाठीवरून दुसऱ्या मनगटापर्यंत टेप धरायला सांगा. स्वतःचं स्वतः घेऊ नका, चुकतंच. भाचीचं ५० इंच आलं. त्यातून २ इंच वजा करा, कारण कॉटन जड असतं आणि स्वतःच्या वजनाने बाही लांबत जाते. म्हणजे पट्टीची लांबी ४८ इंच. रुंदी म्हणजे बाहीचा घेर, आणि तीच पाठीवरची उंची पण होते, ती मी १७ इंच ठेवते. दंड भरलेला असेल तर १९ करा, दंडाच्या घेरापेक्षा चार-पाच इंच जास्त पाहिजे म्हणजे आतल्या कुर्त्याला अडकत नाही.

यानंतर नमुना विणायचा, आणि हे टाळायचं नाही. पाहिजे तर ओरडून सांगते, टाळायचं नाही! साधारण ६ बाय ६ इंचाचा तुकडा करा, एक ओळ भरीव आणि तीन ओळी जाळीच्या अशा क्रमाने (या ओळी कशा घालायच्या ते खाली विणायच्या भागात आहे, ते आधी वाचा). तो धुवा, सपाट वाळवा, मग मोजा. माझ्या हाताला इंचाला ५ टाके आणि १० ओळींना ४ इंच बसतात. तुमचे इंचाला सहा बसले तर सुई मोठी घ्या, चार बसले तर लहान घ्या, किंवा सुई तीच ठेवून टाक्यांचा आकडा बदला. आणि हाच तुकडा वजन करा म्हणजे दोऱ्याचा हिशोब पण लागतो. तुकडा ३६ चौरस इंच, पूर्ण पट्टी १७ गुणिले ४८ म्हणजे ८१६ चौरस इंच, म्हणजे साधारण तेवीस तुकडे. तुकडा १४ ग्रॅमचा भरला तर तेवीस दाहे दोनशे तीस आणि तेवीस चोक ब्याण्णव, म्हणजे ३२२ ग्रॅम, वर काठाला पन्नास-साठ ग्रॅम धरा. माझ्याकडे एवढं बारीक वजन दाखवणारा काटा नाही, मी गल्लीतल्या सोनाराकडून करून घेते. सोन्याच्या बाजारासाठी प्रसिद्ध असलेल्या जळगावात राहून एवढा तरी फायदा. तो आधी हसला होता, आता विचारतो, ताई आज काय भाव?

विणायला बसू. आपण एका मनगटापासून सुरू करून पाठीवरून दुसऱ्या मनगटापर्यंत जाणार. पहिली साखळी ४ एमएमच्या सुईने घाला, नाहीतर साखळी घट्ट येते आणि ते टोक पिशवीच्या तोंडासारखं आवळून बसतं. ८७ साखळ्या घाला आणि मग ३.५ ची सुई घ्या. सुईपासून चौथ्या साखळीत पहिला खांब, आणि पुढे प्रत्येक साखळीत एक. सुरुवातीच्या सोडलेल्या तीन साखळ्या म्हणजे एक खांब धरायचा, म्हणजे एकूण ८५ झाले. ही भरीव ओळ.

जाळीच्या ओळीला ४ साखळ्या घालून काम फिरवा. यातल्या तीन म्हणजे खांब आणि एक मधली साखळी. बुडाशी असलेला खांब आणि त्याच्या पुढचा एक सोडून तिसऱ्या खांबावर खांब. मग एक साखळी, एक खांब सोडा, पुढच्यावर खांब, असं शेवटपर्यंत. शेवटचा खांब मागच्या ओळीच्या सुरुवातीच्या साखळीच्या डोक्यावर येतो. मोजलं तर ४३ खांब आणि ४२ खिडक्या भरतात. अजून दोन ओळी अशाच, खांबावर खांब आणि मध्ये साखळी, फक्त आता शेवटचा खांब त्या ४ साखळ्यांमधल्या खालून तिसऱ्या साखळीत जाईल. मग भरीव ओळ, ३ साखळ्या घालून फिरवायचं आणि प्रत्येक खिडकीत एक खांब, प्रत्येक खांबावर एक खांब, परत ८५.

असे चार-चार ओळींचे ३० संच करा आणि शेवटी एक भरीव ओळ, म्हणजे १२१ ओळी. ऐकायला खूप वाटतात पण जाळीची ओळ भराभर होते, मी रोज रात्री जेवणं आटोपल्यावर सात-आठ ओळी करायचे, पंधरा-सतरा दिवसांत पट्टी झाली. त्यात दोन दिवस लाईट नव्हती.

नव्या माणसाचं इथे एकच ठिकाणी बिनसतं, कडेला. ओळीतला शेवटचा खांब विसरतो, कारण तो साखळीच्या डोक्यात घालायचा असतो आणि ते डोकं दिसतच नाही. मग दर ओळीला एक टाका कमी होत जातो आणि पट्टीचा पतंग होतो. सुरुवातीच्या साखळीच्या डोक्यात एक सेफ्टी पिन अडकवून ठेवा, परत आलात की तिथेच खांब. आणि प्रत्येक भरीव ओळ मोजा, ८५ आले नाहीत तर लगेच उसवा, पुढे जाऊन जमवून घेऊ असं म्हणू नका, ते जमत नाही. नवी लडी जोडायची ती कडेलाच, मध्ये गाठ मारू नका, गाठ जाळीतून वर येते आणि नेमकी पाठीवर दिसते. दोन्ही टोकं सहा-सहा इंच सोडा, नंतर सुईने भरीव ओळीत लपवायची.

मी हे विणत ओट्यावर बसले होते तर शेजारच्या आजी येऊन म्हणाल्या, "हाई काय शे व माय? मासा धरानं जाळं शे का?" त्यांचं पण चूक नव्हतं, चार फूट लांब जाळीची पट्टी, कोणालाही तेच वाटेल. त्यामुळे या टप्प्याला तुमचा पण धीर सुटला तर घाबरू नका, शिवण मारेपर्यंत हे असंच दिसतं.

शिवायच्या आधी पट्टी ओली करा, टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी दाबून काढा, आणि गादीवर चादर टाकून त्यावर १७ बाय ४८ अशी ताणून पिना लावून पसरा. आपल्याकडे उन्हाळ्यात पंख्याखाली दोन तासात वाळते. वाळली की लांबीत दुमडा, म्हणजे ४८ इंचाच्या दोन्ही कडा एकमेकींवर येतील. दोन्ही टोकांकडून १४-१४ इंच सेफ्टी पिना लावा, मध्ये २० इंच उघडं राहील. आता घालून बघा! हात वर करा, मागे न्या, डोक्यावर पदर घेतल्यासारखं करा. काखेत ओढत असेल तर एक इंच कमी शिवा, खांद्यावरून घसरत असेल तर एक-दीड इंच जास्त. जमलं की त्याच दोऱ्याने बोथट सुईने कडा जोडा, टाके फार आवळू नका, शिवण आखडली की बाही वर चढते.

आता मधल्या उघड्या भागाला गोल काठ. ही गोलाई ४० इंचाची आहे, प्रत्येक ओळीच्या कडेत दोन मुके खांब घातले की साधारण २०० होतात. मानेच्या मागे मी मुद्दाम दर दहा टाक्यांनी एक गाळते, तिथे काठ सैल पडला तर श्रग मागे घरंगळतो आणि मग बाई दिवसभर खांदे उडवत फिरते. यावर खांबाच्या चार फेऱ्या घातल्या की पुढे दीड-दोन इंचाची पट्टी तयार होते. शेवटी पाकळ्यांची फेरी हवी असेल तर एक मुका खांब, दोन टाके सोडा, पुढच्या एकाच टाक्यात पाच खांब, दोन सोडा, परत मुका खांब. याला टाके सहाच्या पाढ्यात लागतात, १९८ किंवा १९२, जवळचा आकडा बघून आधीच्या फेरीत एक-दोन टाके गाळून घ्या. पाकळ्या नको असतील तर साधा काठ जास्त चांगला दिसतो असं माझं मत, भाचीचं वेगळं आहे.

मनगटाकडे बाही १७ इंचाची घेरदार आहे. तशीच ठेवली तर फोटोत मस्त दिसते पण पहिल्याच पंगतीत वरणात बुडते. म्हणून टोकाला एक फेरी दोन-दोन टाके एकत्र करत मुक्या खांबाची घाला, ८५ चे ४३ होतात, मग त्यावर सात-आठ फेऱ्या साध्या मुक्या खांबाच्या. साडेआठ इंचाचा कफ होतो, हात आरामात जातो आणि वर बाहीला छान फुगा येतो. कफ ३ एमएमच्या सुईने केला तर अजून नीट बसतो.

धुताना पहिल्यांदा वेगळा धुवा, गडद रंग असेल तर पांढऱ्या फडक्याने एक कोपरा ओला घासून बघा रंग सुटतो का. पिळायचा नाही, दोरीवर टाकायचा नाही, हँगरला तर अजिबात नाही, भाचीने एकदा हॉस्टेलवर रात्रभर हँगरला लावला आणि सकाळी कफ बोटांच्या टोकापर्यंत आला होता. परत ओला करून, आकार देऊन, सपाट वाळवल्यावर बराचसा जागेवर आला, पण एक बाही दुसरीपेक्षा अर्धा इंच लांब आहे ती आहेच. ती आता तीच बाही दुमडून घालते आणि मैत्रिणींना सांगते की फॅशन आहे.